१४,२१६ पानं आणि एक अर्धा र : वाचनालयाच्या फाइली हलवतानाच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

या नोंदी वाचनालयाच्या लॅपटॉपवर राहतील. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनाही वाचता याव्यात म्हणून कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. पुढे कुणी स्वयंसेवक आला तर त्याला मूळ स्क्रिप्ट शेजारच्याच फोल्डरमध्ये सापडेल.

काम असं : पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या, त्यातल्या बऱ्याच मोडीत, गेल्या दोन वर्षांत स्कॅन झाल्या. ते सगळं संस्थेच्या पुण्यातल्या सर्व्हरवर न्यायचं. माल तीन ठिकाणी आहे. वह्यांची पानं काळ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, पत्रांचे फोटो कुणीतरी देणगी दिलेल्या जुन्या मॅकवर, आणि खंड ७ ची पुन्हा केलेली स्कॅनं पेन ड्राइव्हवर.

आधी मोजदाद. 'फाइंड'ला फक्त फाइली शोधायला सांगितल्या आणि त्याचं उत्तर पाइपने, म्हणजे थेट, ओळी मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी डॅश एल'कडे दिलं. वह्यांची टिफ पानं १४,२१६. जागा मोजणारा 'डीयू' म्हणतो ३७१ जीबी. हिशोब जुळतो : ए-४ पान ३०० डीपीआयला रंगीत, न दाबता, साधारण २६ एमबी होतं. शिवाय प्रत्येक पानामागे एक चिमुकली टेक्स्ट फाइल आहे : खंड, पान, स्कॅनची तारीख. पत्रांचे फोटो २,९०४.

वाचनालयाचा अपलोड २० एमबिट. म्हणजे सेकंदाला फार तर अडीच एमबी, सलग चाललं तर ४१ तास. सहा तासांच्या एसटीने डिस्क पुण्याला नेली तर तोच वेग सेकंदाला १७ एमबी पडतो. मी हे बाईंना सांगितलं. "मूळ डिस्क या दारातून बाहेर जाणार नाही," एवढंच म्हणाल्या. एसटी बाद.

२ जून, रविवार

बाईंचा प्रश्न : "अगं, माउसने ओढून का नाही टाकत?" गेल्या वर्षी एकाने तेच केलं होतं. नऊ हजारांच्या आसपास कुठेतरी अडकलं, आणि काय गेलं, काय राहिलं ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

माझाही पहिला प्रयत्न काही शहाणपणाचा नव्हता. वह्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन 'एससीपी' (दुसऱ्या संगणकावर फाइली पाठवणारी कमांड), पुढे तारा डॉट टिफ, म्हणजे टिफ संपणारं कुठलंही नाव, पुढे सर्व्हरचा पत्ता. उत्तर : आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग, यादी फार लांब. एकही फाइल गेली नाही.

तारा 'एससीपी' बघत नाही. आधी शेल, म्हणजे आपली कमांड वाचणारा प्रोग्रॅम, त्या ताऱ्याच्या जागी १४,२१६ नावं लिहितो आणि मग ती लांबलचक ओळ कर्नलकडे, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याकडे देतो. या लॅपटॉपवर त्या ओळीची मर्यादा २०,९७,१५२ बाइट आहे. एवढी मोठी मर्यादा नुसत्या नावांनी भरलीच कशी?

एक नाव घेऊन मोजलं : दक्षिण_पेठेतील_व्यापाऱ्यांच्या_वह्या_खंड_०३_पान_०१४२. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार, देवनागरी अंकसुद्धा, सगळे वेगवेगळे मोजले जातात. ४५ चिन्हं म्हणजे १३५ बाइट, त्यात ७ अंडरस्कोर आणि डॉट टिफचे ४. झाले १४६. गुणिले १४,२१६ म्हणजे २०,७५,५३६. मर्यादेच्या जरासं आतच! पण कर्नल प्रत्येक नावामागे शेवटचा शून्य बाइट आणि त्या नावाच्या पत्त्याचे ८ बाइटही धरतो. बेरीज २२ लाखांवर गेली. हीच नावं रोमन लिपीत असती तर निम्म्यातही भागलं असतं.

साहजिकच मी बाईंना म्हटलं, नावं बदलू या, इंग्रजी अक्षरं नि आकडे. त्यांनी चष्मा काढला. "खंड ३, पान १४२ कुठलं ते मला नाव वाचून कळतं. तुझ्या आकड्यांवरून कळेल का?" नावं राहणार. ते त्यांचं कपाट आहे.

बाकी तोडगा सोपा होता : तारा न देता अख्खा फोल्डरच 'डॅश आर' लावून द्यायचा. पण मधेच तुटलं की 'एससीपी' पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो. ४१ तासांच्या कामाला तो चालणार नाही.

रात्री 'आरसिंक'वर आले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये लिहिलेलं हे साधन दोन्हीकडची यादी ताडून बघतं आणि आकार किंवा वेळ वेगळी असेल तेवढंच पाठवतं. बदललेल्या फाइलचा फक्त बदललेला तुकडा पाठवणं ही त्याची खरी कीर्ती. माझी पानं मात्र बदलत नाहीत, त्यामुळे ती युक्ती इथे उपयोगाची नाही. मला हवी आहे फक्त त्याची स्मरणशक्ती, म्हणजे खरं तर दरवेळी नव्याने यादी ताडण्याची चिकाटी.

'डॅश ए' लावला : आतले फोल्डर, वेळा, परवानग्या, सगळं जसंच्या तसं. दाबून पाठवायचा 'झेड' दहा पानांवर करून बघितला. जुन्या कागदाचा पिवळेपणा स्कॅनमध्ये इतका बारीक उतरलाय की फार काही दाबलं गेलं नाही, लॅपटॉपचा पंखा तेवढा घोंघावला. काढून टाकला.

आणि सुरुवातीलाच घोळ. उगमाच्या, म्हणजे जिथून पाठवायचं त्या फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ द्यायला विसरले. रेघ दिली तर 'आतलं सगळं', नाही दिली तर 'हा फोल्डर धरून'. सर्व्हरवर वह्या नावाच्या फोल्डरात आणखी एक वह्या तयार झाला. ४० पानं गेल्यावर लक्षात आलं. थांबवून नीट सुरू केलं. तो आतला फोल्डर नंतर काढीन.

३ जून, सोमवार (पुण्याहून)

पासवर्ड न विचारता चालावं म्हणून काल एसएसएचची (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची) किल्लीची जोडी करून ठेवली होती. रात्री ९ वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्रॅम, सुरू करणार, 'टाइमआउट' सकाळी ६ ला थांबवणार, आणि 'एफलॉक' लावलंय म्हणजे आधीचं चालू असताना दुसरं सुरू होणार नाही. बिनचूक मांडणी.

पहिल्या रात्री आलेल्या फाइली : शून्य.

बाईंना फोन केला. वाचनालय बंद करताना शिपाईकाका मेन स्विच खाली ओढतात. गेली तीस वर्षं रोज. राउटर तत्क्षणी गेला, लॅपटॉप बॅटरीवर दोन तास एकटाच प्रयत्न करत बसला. काकांचं बरोबरच आहे, गावातली वायरिंग बघता मीही तेच केलं असतं. ठरलं असं की कार्यालयाच्या खोलीचा फ्यूज वेगळा आहे, तेवढा चालू ठेवायचा. काकांनी त्यावर स्वतः चिठ्ठी लावली आहे : 'पुण्याचं काम चालू. हात लावू नये.'

५ जून, बुधवार

काल रात्री ७१ जीबी. सेकंदाला २.२ एमबी, सलग नऊ तास. शेवटी कोड १२४ आला, म्हणजे 'टाइमआउट'ने वेळ संपली म्हणून थांबवलं. हा कोड दिसला की मी खूश.

८ जून, शनिवार

चार रात्रींत २८४ जीबी. वीज दोनदा गेली, फरक पडला नाही. अर्धवट राहिलेलं पान जास्तीत जास्त २६ एमबीचं, ते पुन्हा गेलं. अर्धवट फाइली राखून ठेवायचा पर्याय मी मोठ्या आशेने लावला होता, पण तो पाच-दहा जीबीच्या एकेका व्हिडिओला लागतो. इथे त्याचं काम नाही.

आज चिमुकल्या टेक्स्ट फाइली. दोन-तीन केबीच्या १४,२१६. एकूण आकार एका लग्नाच्या व्हिडिओच्या तुकड्याएवढा, पण 'एससीपी'ने अर्धा तास घेतला असता. प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरशी उघड, लिही, बंद कर असा संवाद होतो आणि पुण्याला जाऊन यायला प्रत्येक खेपेला वेळ लागतो. टपालकार्डं एकेक करून नेण्यापेक्षा पोतं बांधलेलं बरं. 'टार'ने इकडे पोतं बांधायचं, ते डिस्कवर न लिहिता थेट पाइपने एसएसएचमध्ये सोडायचं आणि पलीकडे दुसऱ्या 'टार'ने उघडायचं. अर्ध्या मिनिटात सगळ्या पोचल्या. 'टार' हे नाव टेपवरच्या संग्रहावरून आलंय, आणि १९७९ च्या युनिक्सपासून ते आहे. इथेही आमच्या नावांनी जागा खाल्लीच : 'टार'च्या जुन्या मांडणीत नावाला १०० बाइटच मिळतात, आमची १४६ ची. ग्नू टार अशा नावासाठी वेगळा जादा ठोकळा जोडतो, म्हणून निभावलं.

दुपारी चहाला बाईंनी विचारलं, हे एकाकडून दुसरीकडे फाइल पाठवायचं आधी कुणी ठरवलं? मला सांगताना मजा वाटली : एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा, आणि तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. त्यात पुढे आलेल्या 'एमगेट', 'एमपुट'मधला एम म्हणजे मल्टिपल. पण प्रत्येक फाइलला 'पाठवू का?' असं विचारत बसतं, 'प्रॉम्प्ट' म्हणून ते बंद करेपर्यंत. आणि पासवर्ड उघडा जातो. म्हणून आपण ते वापरत नाही.

"आपल्याकडचा माणूस आणि तू वापरत नाहीस," बाई म्हणाल्या.

९ जून, रविवार

मॅकचा दिवस. यातला 'आरसिंक' २.६.९, म्हणजे २००६ चा. चालतो. दिवसा काम असल्याने फॉर्म भरायला आलेल्या मुलांची ओरड झाली : फोटो-सही अपलोड होत नाही. 'बीडब्ल्यू-लिमिट' १००० दिलं, म्हणजे सेकंदाला साधारण एक एमबी, बाकीचा रस्ता मुलांना मोकळा. फोटो दुपारपर्यंत गेले.

नंतर सर्व्हरवर 'एलएस' करून यादी बघितली आणि दोन ओळी दिसल्या :

शेतकऱ्यांची_पत्रे
शेतकऱ्यांची_पत्रे

पत्रांची एक प्रत काळ्या डिस्कवरही होती, ती आधी गेली होती. पण एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर? डोळे चोळले. मग नावं हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या आकड्यांत उघडली. काळ्या डिस्कवरून आलेल्या नावात ऱ साठी तीन बाइट : ई० ए४ बी१. मॅकवरून आलेल्यात सहा : ई० ए४ बी०, ई० ए४ बीसी. म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, अक्षराखालचं टिंब.

युनिकोडच्या दृष्टीने ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असं फोडता येतं, आणि दोन्ही रूपं समानच मानायची असतात. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था, एचएफएस प्लस, प्रत्येक नाव फोडूनच साठवते. सर्व्हरवरचं लिनक्स मात्र नावाकडे अक्षर म्हणून बघतच नाही, त्याला बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. हिंदीवाल्याला ही अडचण क, ज, फ खालच्या टिंबांत येत असेल. आमच्याकडे ती शेतकऱ्यांत, व्यापाऱ्यांत, किनाऱ्यावर, बिऱ्हाडात सगळीकडे आहे.

'कॉन्व्ह-एमव्ही' नावाचं छोटं साधन नावं जोडरूपात आणतं. ते मुळात फक्त काय करीन ते सांगतं, खरोखर करायचं तर वेगळं सांगावं लागतं. ही सवय सगळ्याच साधनांना असावी. त्याने आतली नावं बदलली आणि वरच्या फोल्डरला नकार दिला : त्या नावाचा आधीच आहे. योग्यच. मग दोन्ही फोल्डर 'आरसिंक'ने ताडले, मॅकवर ११ पत्रं जास्त होती, ती दुसऱ्यात घेतली आणि रिकामा झालेला काढला.

तरी एक जोडी उरली. व्यापाऱ्यांना_आलेली_पत्रे, दोनदा. आता दोन्हीकडे नुक्ता नाही. पुन्हा हेक्स. एकात ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग ई२ ८० ८डी, मग य. ते मधलं म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह. अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत, दोन कळफलकांवर दोन. पडद्यावर तंतोतंत सारखंच दिसतं, आणि युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे कुठलंही साधन आपण होऊन ते जुळवणार नाही. 'रीनेम'ला साधा नियम दिला : र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं की ऱ आणि हलन्त कर. २३ नावं बदलली.

बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही नावं चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिली. "मग यादीत शोधताना मला सापडत नव्हतं ते यामुळे?" हो. गेली दोन वर्षं.

१५ जून, शनिवार

आठवडाभर ऑफिसात धावपळ. रोज सकाळी स्क्रिप्टकडून मेल येत होती : कोड ०, यशस्वी. मी मेलचा विषय वाचून पुढे जात होते.

आज येऊन बघते तर सर्व्हरवर अजून २८४ जीबीच. सात रात्रींत एक फाइल गेली नाही आणि सात वेळा 'यशस्वी'. गेल्या शनिवारी रात्री वीज गेली असावी, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, काळी डिस्क जोडली गेलीच नाही. ती जिथे जोडली जाते तो फोल्डर मात्र होता, रिकामा. 'आरसिंक'ने रिकामा फोल्डर इमानाने पाठवला. शून्य फाइली, शून्य चुका.

याहून वाईट व्हायचं थोडक्यात टळलं. डिस्क जोडलेली नाही हे तेव्हा समजलंच नव्हतं, आल्या आल्या पहिलं काम काढलं ते २ तारखेचा तो आतला जादा फोल्डर हटवायचं. त्यासाठी 'डिलीट' पर्याय लावला : उगमात नाही ते सर्व्हरवरूनही काढ. सवयीने 'डॅश एन' होता, म्हणजे नुसती रंगीत तालीम. पडद्यावर 'डिलीटिंग', 'डिलीटिंग', 'डिलीटिंग'. मोजलं तर १०,९१२ ओळी. उगम रिकामा, म्हणून सर्व्हरवरचं सगळंच जादा. 'डॅश एन' नसता तर चार रात्रींचं काम काही सेकंदांत गेलं असतं, आणि मेल आली असती, कोड ०.

हातपाय गार. बाहेर येऊन पाऊस बघत उभी राहिले. काकांनी न विचारता चहा आणला.

स्क्रिप्टमध्ये दोन बदल केले. सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट'ने डिस्क जोडलेली आहे का बघायचं, नसेल तर ओरडून थांबायचं. आणि मेलच्या विषयात कोडऐवजी किती फाइली गेल्या तो आकडा. जादा फोल्डर हाताने काढला. 'डिलीट' पर्याय या स्क्रिप्टमध्ये पुन्हा येणार नाही.

१६ जून, रविवार

खंड ७ चा पेन ड्राइव्ह. हीच पानं काही दिवसांपूर्वी काळ्या डिस्कवरही ठेवली होती आणि तिथून सर्व्हरवर गेली होती, तरी 'आरसिंक' निम्म्या पानांना 'बदललं' म्हणतो. आकार तोच. वेळ बघितली तर एका सेकंदाचा फरक, आणि तोही फक्त विषम सेकंदांना. पेन ड्राइव्ह फॅट ३२ आहे, तो वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी लिहितो. 'मॉडिफाय-विंडो' १ दिलं, म्हणजे एका सेकंदाचा फरक माफ. खरोखर बदललेली पानं निघाली चार.

१७ जून, सोमवार

सकाळच्या मेलमध्ये फाइलींचा आकडा, आणि खाली कोड २३. १२४ नाही, शून्यही नाही. काहीतरी गेलं नाही. शनिवारी बघते.

२२ जून, शनिवार

सर्व्हरवर मोजदाद : १४,२१४. दोन पानं कमी.

आधी बाकीच्यांचा ताळा. काळ्या डिस्कवर प्रत्येक फाइलचा शा-२५६, म्हणजे तिच्या आतल्या मजकुराचा ठसा, काढून एका यादीत लिहिला. यूएसबीवरून साडेतीन तास लागले. ती यादी सर्व्हरवर नेऊन तिथे 'डॅश सी'ने पडताळली, तासाभरात झालं. बाई शेजारी बसून रजिस्टरात दाखल क्रमांक लिहीत होत्या. मी त्यांना म्हटलं, खतावणीच करतेय. रोजकीर्दीतली प्रत्येक रक्कम तिकडे उतरली का ते बघायचं.

१४,२१४ पैकी १४,२१४ जुळली.

आणि यादी काढतानाच ती दोन पानं सापडली : खंड ५, पानं ८८ आणि ८९. दोन्हींवर 'इनपुट-आउटपुट एरर'. नेटवर्कचा काही संबंध नाही, काळ्या डिस्कलाच ती वाचता येत नाहीत. खराब डिस्कवरून मिळेल तेवढं वाचणाऱ्या 'डीडी-रेस्क्यू'ने प्रयत्न केला. ८८ चा वरचा अर्धा भाग आला, खाली राखाडी पट्टा. ८९ नाहीच. डिस्क जुनी झालीय. 'मूळ डिस्क दारातून बाहेर जाणार नाही' हे आता वेगळ्या कारणासाठी खरं झालं : आता तिच्यावर कशासाठीच विसंबून राहायचं नाही. नवी आणायचं समितीच्या बैठकीत मांडायचं आहे.

२३ जून, रविवार

बाईंनी कपाट उघडून खंड ५ काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास. ८८ वर गुळाच्या ढेपांचा हिशोब, ८९ चा उजवा कोपरा कसरीने खाल्लेला. दोन वर्षांपूर्वी स्कॅन झालं तेव्हा तो कोपरा शाबूत होता म्हणे. बाई आठवून सांगतात, तिथे एक बेरीज होती.

दोन्ही पानं पुन्हा स्कॅन केली. नावं बाईंनी स्वतः टाइप केली. मी मागे उभी राहून हेक्समध्ये ऱ तपासला. ई० ए४ बी१. बरोबर.

दोनच फाइली. 'एससीपी'ने पाठवल्या.

सर्व्हरवर १४,२१६.